गड्डा न धरणाऱ्या रोपांच्या मालकांस

प्रति,
रोपवाटिकेचे मालक,
हायवेकडेची हिरवी शेडनेट, जिल्हा सोलापूर

मालक,

पत्रास कारण की, फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, उत्तर उमटत नाही. नर्सरीवर आलं की तुमचा पोरगा सांगतो, 'पप्पा आत्ताच पंढरपूरला गेले.' इतक्या वाऱ्या माळकरीसुद्धा करत नाहीत. म्हणून हे पत्र उघडंच लिहितोय. तुमच्या हाती नाही पडलं तरी तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती पडेल, मला तेवढं चालेल.

आधी अभिनंदन. ब्रोकोली म्हणून तुम्ही जी रोपं दिलीत, त्यातल्या काहींना खरोखरच ब्रोकोली लागली. बाकीच्यांत फ्लॉवर निघाला, मध्येच कुठं नवलकोल निघाला, आणि बांधाकडच्या सऱ्यांना नुसताच पाला आला. पाला मात्र एक नंबर. म्हशीनं तुमचं नाव काढलं.

कोबीत तर तुमचा हात कुणी धरायचा नाही. पानं हातभर, बाहेरून बघणाऱ्याची नजर लागावी अशी, आणि आत बोट घातलं तर पोकळ. निम्म्या रोपांनी गड्डा धरलाच नाही. संक्रांतीला आमच्या सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे लागतात, त्याच सुमाराला तोडणी यावी अशा बेतानं लागवड केली होती. यंदा गड्डा बघायचा तो यात्रेतच बघितला.

जे काय निघालं ते क्रेटमध्ये भरून मार्केट यार्डात नेलं. अडत्यानं हात घालून एक ब्रोकोली, एक फ्लॉवर आणि एक नवलकोल असे तिन्ही बाहेर काढले, शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, 'काका, भोगीची भाजी आणली काय?' भोगी तर होऊन गेली होती. हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन जी पट्टी हातात आली ती घडी घालून खिशात ठेवली. घरी अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलंय.

पट्टीचं दुःख सोलापूरला नवं नाही म्हणा. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं इथल्याच बाजारात 512 किलो कांदा घातला आणि खर्च वजा जाता 2 रुपयांचा चेक घेऊन घरी गेला, तोही पुढच्या तारखेचा. साऱ्या देशानं ते वाचलं. पण मालक, त्या गड्याकडं निदान कांदा तरी होता. कांदा लावला आणि लसूण निघाला, असं त्याचं झालं नव्हतं. आम्हाला बुडवायला बाजारभाव समर्थ आहे. कोबी स्वस्त झाला की उभ्या पिकात रोटाव्हेटर घालतो आम्ही. त्यात तुम्ही आधीपासून कशाला कष्ट घेता?

आता तुमच्या कलेबद्दल. शास्त्र तुमच्या बाजूनं आहे, हे मान्य करायला हवं. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी एकाच घरची पोरं, शास्त्रीय नाव ब्रासिका ओलेरेशिया. एकानं पानं गुंडाळली तो कोबी, एकानं खोड फुगवलं तो नवलकोल, दोघांनी फुलाच्या कळ्यांचा गठ्ठा केला ते फ्लॉवर आणि ब्रोकोली. पण चार पानांवर असताना सगळे सारखेच हिरवे, सारखेच भोळे. पुढं ब्रोकोलीचं पान जरा लांबट होतं, देठ लांब निघतो, देठावर पानाची बारीक चिंध्यांसारखी झालर दिसते. कोबीचं पान रुंद, गोलसर, खोडाला चिकटून बसणारं. मात्र हे कळायला रोप चांगलं अंगात यावं लागतं, आणि तोवर रोप आमच्या वावरात असतं व पैसे तुमच्या गल्ल्यात. यात्रेच्या बाजारात बैल घेताना दात मोजता येतात. रोपाला दात नसतात, हे तुमच्या धंद्याचं खरं भांडवल.

तुम्ही विचाराल, इतका संशय आहे तर बी घरी का धरत नाही? वांग्याचं, मिरचीचं, घेवड्याचं बी आमच्या आयाबायांनी राखेत घोळून गाडग्यात ठेवलं, पिढ्यान्‌पिढ्या. कोबीला ते जमत नाही. त्याला तुरा यायला कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. सोलापूरची थंडी हुरड्याला पुरते, कोबीच्या बियाला पुरत नाही. म्हणून ते बी हिमाचलात, कुलूच्या खोऱ्यात तयार होतं. तिथं कट्राईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. 'पुसा केटीएस-1' ही आपल्याकडची ब्रोकोली तिथलीच. बाजारात चालते ती संकरित ब्रोकोली तर बरीचशी जपानी कंपन्यांची, चिमूटभर बियाला मूठभर पैसे. म्हणजे कोबी-ब्रोकोली लावायची तर माझ्यापुढं तीनच देव: कुलू, जपान आणि तुम्ही. पहिल्या दोघांपर्यंत माझा हात पोचत नाही आणि तिसरा पंढरपूरला गेलेला असतो.

घटस्थापनेला तुमच्याकडं इसार दिला. तुम्ही म्हणालात, 'दिवाळीच्या तोंडावर गाडी दारात.' हिशेब बरोबर होता. या वर्गातलं रोप ट्रेमध्ये 25 ते 30 दिवसांत लावणीला येतं. आपल्या सोलापूरच्या दाते पंचांगात ग्रहणाचा स्पर्श कधी, मोक्ष कधी, हे मिनिटासकट छापलेलं असतं. त्याच गावच्या हवेत राहून तुम्हीही तारीख अगदी पाळलीत. गाडी बोलल्या दिवशी आली. फक्त दिवेलागणीला आली.

छोट्या हत्तीतून ट्रे उतरवले तेव्हा मोबाईलच्या उजेडात एक रोप ओढून बघितलं. खालची दोन पानं पिवळी. खोड सुतासारखं लांब आणि एका अंगाला कललेलं. मुळं पांढरीशुभ्र असायची, ती तांबूस होऊन कोकोपीटभोवती वेढे घालून बसलेली, इतकी घट्ट की पेंड बोटांनी चुरायला गेलो तर एक कण सांडेना. मालक, त्या रोपांचं वय माझ्या इसारापेक्षा जास्त होतं. मी घट बसवत होतो तेव्हा ती चांगली चार पानांवर होती.

ड्रायव्हर म्हणाला, 'पाणी मारा, सकाळपर्यंत उठतील.' उठली. तरणा गडी उठतो तशी नाही, म्हातारा काठी टेकत उठतो तशी. अशा रोपाचं पुढं काय होतं ते तुम्हाला शिकवायला नको. ट्रेच्या इवल्याशा कप्प्यात अडकून, उपाशी राहून त्याला वाटतं आपलं आयुष्य संपत आलं, तेव्हा ते पानं वाढवायच्या भानगडीत न पडता घाईघाईनं फुलावर येतं. ब्रोकोलीचा गड्डा शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठा होऊन थांबतो. शेजारचा बघायला आला होता. म्हणाला, 'कॉकटेल साइजचा माल आहे, पुण्याला पाठवा.'

परत का नाही पाठवली, असं कुणी विचारेल. पहाटे बायका लावणीला येणार होत्या, मल्चिंगला भोकं पाडून झाली होती, ड्रिप रात्रीच सोडलेलं होतं, आणि लावण चुकली तर सोलापुरात थंडी दुसऱ्यांदा येत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. गाडीची वेळ तुम्हीच ठरवली होती ना.

अडचण तुमचीही मला कळते. पाऊस लांबला, कुणाच्या विहिरीला पाणी नाही आलं, कुणाचं सोसायटीचं कर्ज अडकलं की बुकिंग केलेला माणूस फिरकतच नाही. त्याचे ट्रे तुमच्याकडं पडून. रोज पाणी घालायचं, रोज ते लांबत जाणार. टाकून द्यायला जीव होत नाही. मग पुढच्याच्या ऑर्डरीत ते जिरवायचे. चार ट्रे कमी पडले की शेजारच्या बाकावरचे उचलायचे; हिरवं ते हिरवं. असं करता करता माझ्या ब्रोकोलीत कुणाचा तरी नवलकोल आला असणार. मला तुमचा राग येतो तो याचा नाही. फोन करून सांगितलं असतं, 'काका, रोपं जून आहेत, निम्म्या भावात देतो, नाहीतर आठ दिवस थांबा', तर मी थांबलो असतो. माणसं थांबतात. थंडी थोडीफार थांबते.

एका बाबतीत मात्र तुमचा हिशेब चोख. ट्रे! दर ट्रेमागं डिपॉझिट, पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं तुमची आद्याक्षरं, आणि रोपं लावून झाली की तिसऱ्या दिवशी फोन, 'ट्रे कधी आणताय?' हाच तो फोन, जो मी केला की रेंजमध्ये नसतो. त्या ट्रेमध्ये कुठलं बी पडलं, कोणत्या तारखेला पडलं, कोणत्या लॉटचं पडलं, याची नोंद तुमच्या नर्सरीत कुठंही नाही. रिकामा ट्रे कुणाच्या गोठ्यामागं पडलाय ते मात्र तोंडपाठ. आणि इतक्या प्रेमानं परत मागवलेला ट्रे धुवायचा, औषधाच्या पाण्यात बुडवायचा, हे काही तुमच्यात दिसलं नाही. गेल्या वावरातली माती कडेला तशीच वाळलेली. घाण्या रोग बियातून येतो हे पुस्तकात आहे, तो असा गाडीभाडं न देता गावोगाव फिरतो हे तुमच्याकडं कळलं. पानाच्या कडेला पिवळा त्रिकोण, टोक आत शिरेकडं, शिरा काळ्या. माझ्या कोबीवर तीही नक्षी आहे. वेगळे पैसे लावले नाहीत, आभारी आहे.

आता पावतीकडं येऊ. पावती म्हणजे जुन्या दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागची चिठ्ठी. 'कोबी 15 ह., ब्रो. 4 ह., जमा', पुढं आकडा, खाली सही. ती सही तुमची आहे हे तुम्ही स्वतःसुद्धा ओळखणार नाही इतकी सुरेख. पक्कं बिल मागितलं तर म्हणालात, 'जीएसटी लागेल, उगाच कशाला?' जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे, मालक. शून्य टक्क्याची एवढी भीती मी आजवर कुणाला बघितली नव्हती.

पहिल्यांदा, फक्त पहिल्यांदा, तुम्ही फोन उचललात तेव्हा काय काय कारणं सांगितलीत ती मी लिहून ठेवलीत. बोरचं पाणी खारं असेल. बोरॉन कमी पडलं असेल. ऊन जास्त झालं. लावण अमावास्येला केली असेल. खाऱ्या पाण्यानं वाढ खुंटते, खरं आहे. बोरॉन कमी पडलं की ब्रोकोलीचं खोड पोकळ होतं, गड्ड्यावर तपकिरी डाग पडतात, तेही खरं. उन्हानं गड्डा सैल होतो, कळ्या लवकर फुटून पिवळ्या होतात, एकदम मान्य. पण उन्हानं ब्रोकोलीचा नवलकोल होतो हे मी तुमच्याकडूनच ऐकलं. उन्हात असं रूपांतर होत असतं तर मे महिन्यात सोलापुरातल्या माणसांचं काय झालं असतं, विचार करा.

आणि शेवटी तुमचा तोडगा: 'जाऊ द्या काका, रोपं बदलून देतो.' जानेवारी संपत आलेला असताना! म्हणजे गड्डा धरायची वेळ मार्चमध्ये, पारा चाळिशीकडं निघालेला. एकरी, दीड फुटावर सरी आणि फुटावर रोप धरलं तर 30 हजारांच्या घरात रोपं बसतात. एक रोप रुपया-सव्वा रुपयाचं. तुमच्या हिशेबात नुकसान तेवढंच. शेणखत, मल्चिंग, ड्रिप, बेसल डोस, फवारण्या, खुरपणी, बायांची मजुरी आणि अख्खा एक हिवाळा हे सगळं मी हौस म्हणून केलं होतं. रुपयाचं रोप तुम्ही बदलून देणार. हिवाळा बदलून मिळतो का, तेवढं पंढरपुरात विचारून या.

'रोपांना कसला कायदा?' असंही तुम्ही म्हणालात. तुमचं वाचन चांगलं आहे, अर्धवट आहे एवढंच. रोपवाटिकांचा महाराष्ट्राचा कायदा 1969 चा, आणि तो फळझाडांपुरता. आंब्याचं कलम, डाळिंबाची गुटी विकणाऱ्यानं परवाना घ्यायचा. तुमच्या कोबीला त्या कायद्यात जागा नाही, कबूल. पण केंद्राचा 1966 चा बियाणे कायदा उघडा. त्यात 'बियाणे' कशाला म्हणायचं हे सांगताना अन्नपिकांची रोपंही धरली आहेत. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशात विकणाऱ्यानं घेणाऱ्याला बिल द्यायचंच, असं आहे. आणि जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सांगून टाकलं की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच, तो तेव्हाच्या ग्राहक मंचाकडं, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाकडं, जाऊ शकतो. प्रयोगशाळेत तपासायला नमुना कुठाय, हा मुद्दा तिथंही निघाला होता. शेतकरी घेतलेलं बी सगळं पेरून टाकतो, तो तपासणीसाठी वेगळं बांधून ठेवेल अशी अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. ते निगम भारत सरकारचं होतं, मालक. तुमची तर शेडनेट आहे.

पण तुमची चिठ्ठी! इथं मी तुम्हाला खरंच मानतो. 'ब्रो. 4 ह.' कुठलं वाण, कुठल्या कंपनीचं, कुठला लॉट, काही नाही. 'ब्रो.' म्हणजे ब्रोकोलीच कशावरून, असं तुमचा वकील उभा राहून विचारेल आणि माझ्याकडं दाखवायला नवलकोल असेल. तालुक्याचं पथक पंचनाम्याला येईल, साहेब चपला चिखलात भरवत चार सऱ्या फिरतील, फोटो काढतील, आणि मग विचारतील, 'वाण कोणतं होतं?' ही चिठ्ठी तुम्ही घाईत लिहिली नाही, हे मला आता कळतंय. तुमच्या नर्सरीत सगळ्यात काळजीपूर्वक वाढवलेली गोष्ट तीच आहे.

युरोपात, ऐकताय ना, डिसेंबर 2019 पासून लावणीच्या रोपाबरोबर पासपोर्ट लागतो. खरंच पासपोर्ट म्हणतात त्याला. झाडाचं शास्त्रीय नाव, रोपवाटिकेचा नोंदणी क्रमांक, माग काढायचा क्रमांक, देश. तिथला कोबी माझ्याहून जास्त कागदपत्रं घेऊन प्रवासाला निघतो. आपल्याकडं 2020 मध्ये सरकारनं भाजीपाला रोपवाटिकांसाठी 50 टक्के अनुदानाची योजना काढली, नाव दिलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं. आमच्या सोलापूर विद्यापीठालाही तेच नाव आहे. ज्या बाईच्या दरबारात सुईच्या टोकाएवढा हिशेब चुकलेला चालत नसे असं आपण पोरांना सांगतो, तिच्या नावाच्या योजनेत एक अट घालायची राहून गेली असं मला वाटतं: रोप देताना त्याचं नाव सांगावं.

मी पासपोर्ट मागत नाही. नुकसानभरपाईचं आपण ग्राहक आयोगात बोलू, तिथं तुम्ही पंढरपूरला गेलात तर समन्स मागं येतं. इथं माझी मागणी एकच. बी घालताना जे पाकीट तुम्ही फाडता आणि शेडनेटमागच्या उकिरड्यावर फेकता, ते रिकामं पाकीट गिऱ्हाइकाच्या बिलाला टाचून द्या. वाण, लॉट नंबर, उगवण, मुदत सगळं कंपनीनं छापून दिलेलं असतं. तुम्हाला अक्षर गिरवायचेही कष्ट नाहीत. मागच्या बाजूला बॉलपेननं पेरणीची तारीख, बस्स. जिल्ह्यात असं करणारे नर्सरीवाले आहेत. त्यांचे फोनही लागतात, हा योगायोग नसावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा,
ब्रो. 4 ह.

ता. क. तुमचे ट्रे सगळे माझ्याकडं आहेत. धुतले, औषधाच्या पाण्यातून काढले, सावलीत रचून ठेवलेत. तुमच्या पोरानं परवा त्याच्या नंबरावरून विचारणा केली, म्हणून कळवतोय. पाकिटं घेऊन या, ट्रे घेऊन जा. आणि यायचं ते दिवसाढवळ्या. ट्रे किती होते यावरून वाद नको, मी नीट लिहून ठेवलंय: 'ट्रे, पु. ह.' खाली सही आहे.